उजव्या दारातली खरखर

रेडिओला हात लावायचा नाही, हे श्याओ काकांनी गाडीतून उतरायच्या आधीच सांगून टाकलं. टेम्पो अजून अर्धा रस्त्यात, मागे स्कूटरवाले हॉर्न देतायत, आणि हे खिडकीतून डोकं काढून मला म्हणतात, "आचू, फक्त कर्णे बदलायचे. रेडिओ कंपनीचा आहे तोच राहणार."

"आधी गाडी आत घ्या काका," मी म्हटलं. "मग रेडिओपुढे उदबत्ती लावू."

माझं दुकान युआनलिन स्टेशनच्या मागच्या गल्लीत आहे. गाड्यांचे स्पीकर बसवायचं काम बाबांनी सुरू केलं, ते गेल्यावर मी चालवते. नवीन माणूस आला की आत डोकावून विचारतो, बसवणारे कुठे गेलेत? मी सांगते, समोर उभी आहे, चष्मा लावा. असा माझा स्वभाव, त्यामुळे अर्धं गिऱ्हाईक पळून जातं आणि उरलेलं कायमचं चिकटतं. श्याओ काका चिकटलेल्यातले. शतोउ गावचे. त्या गावात अर्ध्या लोकांचं आडनाव श्याओ आणि जवळपास सगळ्यांचा धंदा पायमोज्यांचा. काका आणि आत्वान काकूंनी जन्मभर ह्याच टेम्पोत मोजे भरून रात्रीचे बाजार केले, सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या. काका डावीकडे बसून चालवणार, काकू उजवीकडे शेजारी बसणार आणि रेडिओ लावणार. भांडायचं ते गाडीत, हिशोब गाडीत, जेवणसुद्धा कित्येकदा गाडीतच.

काकू आताही शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, हातांवर फुलाफुलांच्या सुट्या बाह्या चढवलेल्या, बाजाराला निघताना चढवायच्या तशा.

मी त्यांच्या खिडकीशी गेले. "काय काकू, ओळखलंत का मला?"

"या शेठ," काकू म्हणाल्या. "सुती दाखवू का? पायाला घाम येत नाही."

काका पलीकडून उतरत म्हणाले, "सगळ्यांनाच शेठ म्हणते हल्ली. मनावर घेऊ नकोस."

"मला कोणी आजवर शेठ म्हटलंय का? मला आवडलं," मी म्हटलं आणि आत वाकून रेडिओ बघितला. दोन गोल बटणं, मधे कॅसेटचं तोंड, अक्षरं घासून गेलेली. "काका, हे काय आहे? लोक फुकट दिलं तरी घेणार नाहीत. मी पडद्यावाला बसवून देते. फोन जोडा, गाणी ऐका, मागचा कॅमेरा बघा."

"चुंगवेइसुद्धा हेच म्हणतो." चुंगवेइ त्यांचा मुलगा, शिन्चूला असतो. "पण हिचा हात त्या बटणावर बरोबर जातो बघ. घरात संडासाचं दार सापडत नाही हिला, पण हे बटण सापडतं. ते काढलं तर हात कुठे जाईल?"

मी म्हटलं, "बरं, राहू दे. मग स्पीकर तरी कशाला बदलताय?"

"ऐकच तू."

त्यांनी किल्ली फिरवली. काकूंनी समोर बघता बघताच हात पुढे केला आणि बटण फिरवलं. आधी शिट्टी वाजली, मग आकांगचा आवाज आला. आकांग म्हणजे आमच्याकडचा जुना निवेदक, आमच्या बोलीत बोलतो, दोन गाण्यांच्या मधे खोकल्याचं औषध विकतो. माझी आजी त्याचं औषध घ्यायची, आजी गेली, आकांग अजून विकतोच आहे. त्याने जाडसर आवाजात 'माझ्या बंधूंनो' म्हटलं आणि काकूंच्या बाजूच्या दारातून खर्रर आलं. 'छाती भरून आली' म्हटलं, पुन्हा खर्रर.

काकूंनी तळहाताने दारावर फाडकन मारलं. "नीट बोल रे," त्या दाराला म्हणाल्या. मग मान वळवून काकांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणजे मी लहानपणापासून बघत आलेली काकू तिथे येऊन बसली. "ए म्हाताऱ्या माकडा, ऐकलंस का? स्वतः खोकतोय आणि लोकांना औषध विकतोय. ह्याला आधी एक बाटली पाज."

"दोन पाजतो," काका म्हणाले.

"दोन कशाला? तुझं तर सगळंच जास्तीचं," काकू म्हणाल्या, आणि हसल्या.

मीही हसले. आमच्याकडच्या त्या वयाच्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, म्हातारं माकडच म्हणतात. माझी आई बाबांना तेच म्हणायची, लग्न झालं तेव्हा बाबा पंचविशीचे असतील तरी. पण काकांकडे बघितलं आणि माझं हसू तिथेच राहिलं. ते हसत नव्हते. उपाशी माणसाच्या पुढ्यात ताट आल्यावर तो जसा गप्प होतो तसे ते गप्प होते.

मला त्यांनी टेम्पोच्या मागे नेलं.

"घरी मी शेठ आहे," ते हळू म्हणाले. "सकाळी उठली की विचारते, शेठ, कोणाकडे आलात? मी म्हणतो, तुमच्याकडेच. मग लाजते. म्हणते, माझा नवरा येईल एवढ्यात, तुम्ही बाहेर बसा. मी बाहेर बसतो."

"काका..."

"चुंगवेइने तायचुंगजवळ म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था बघून ठेवलीय. चांगली आहे म्हणे, झाडंबिडं आहेत. म्हणतो, बाबा, आई तुम्हाला ओळखतच नाही, मग घरी काय आणि तिथे काय? मी सांगितलं, गाडीत ओळखते. रोज संध्याकाळी आकांग लागतो तेव्हा मी हिला घेऊन एक फेरी मारतो. रोज ओळखते. तोवर मी हिला कुठे धाडणार नाही. त्यालाही पटलं ते. म्हणाला, ओळखते तोवर राहू दे."

"मग चांगलं चाललंय की."

"हात बघितलास का तिचा?"

नंतर बघितला. उजवा तळवा निळा पडला होता, मनगटापर्यंत.

"खरखर आली की मारते. पूर्वी हळू मारायची, आता फार जोरात मारते. त्रास होतो तिला त्या आवाजाचा, पण सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, आवाज स्वच्छ करून घेऊ. मारायचं कारणच राहणार नाही. निवांत बसून ऐकेल, माझ्याशी बोलेल."

मला पटलं. कोणालाही पटलं असतं.

काम मी मन लावून केलं, हे मुद्दाम सांगते. कंपनीच्या रेडिओची ताकद बेताची असते. त्याला दणकट, जड स्पीकर जोडले तर ते उपाशी राहतात, नुसते थरथरतात, आवाज काही निघत नाही. म्हणून मी हलक्या कागदाचे, थोडक्यात भागवणारे निवडले. दाराचं कव्हर उतरवलं. जुना स्पीकर बघून मला कीवच आली, कड एका अंगाने पार फाटून लोंबत होती. नव्याची भोकं जुळेनात, तर मधे एक कडं बसवलं. पत्रा घुमू नये म्हणून आतून जाड डांबरी पट्ट्या चिकटवल्या. तारा कापल्या नाहीत, जुन्याच जोडणीला जोडल्या. अधिक-उणे दोनदा तपासलं, कारण एका बाजूचं उलटं झालं की बोलणारा माणूस विहिरीत पडल्यासारखा वाटतो. काकू सगळा वेळ स्टुलावर बसून माझी पुसायची फडकी एकसारखी करत होत्या, दोन-दोनच्या जोड्या लावून.

काकूंच्या दाराच्या कव्हरवर तळहाताएवढा काळपट डाग होता. तोही मी साबण लावून घासून काढला. म्हटलं, देतोच आहोत तर स्वच्छ करून देऊ.

जुना माल गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा हा बाबांचा नियम. नाहीतर लोक म्हणतात, बदललंच नाही, नुसतं पुसून दिलं. मी दोन्ही जुने स्पीकर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पिशवीत घातले, गाठ मारली आणि काकांकडे दिले.

"काय करू ह्याचं?" ते म्हणाले.

"मला काय विचारता? सूप करा."

मग किल्ली फिरवली. काकूंचा हात बटणावर गेला. आणि काय सांगू, आकांग गाडीत येऊन बसला. त्याचा श्वास ऐकू येत होता. मी त्याला इतकी वर्षं ऐकतेय, तो 'बंधूंनो' म्हणायच्या आधी ओठ ओले करतो हे मला त्या दिवशी कळलं. मला फार अभिमान वाटला. एवढ्याशा रेडिओतून एवढा आवाज काढला होता मी.

काकू ऐकत होत्या. आकांग म्हणाला, 'छाती भरून आली'. काकूंचा हात मांडीवरून उचलला गेला आणि तिथेच हवेत राहिला. त्या वाट बघत होत्या. आकांगचं वाक्य संपलं, गाणं लागलं. त्यांनी हात हळूच खाली घेतला.

"आवडलं का?" काकांनी विचारलं.

"छान आहे तुमची गाडी, शेठ," काकू म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दमल्यात आज. किती वेळ स्टुलावर बसवलंय आपण त्यांना. उद्या बघा."

"हो, उद्या," काका म्हणाले.

त्यानंतर फोन आला तो पुढच्या आठवड्यात, संध्याकाळ व्हायच्या सुमाराला. मी एका पोराच्या गाडीत डोकं घालून बसले होते, कानाला फोन लावून म्हटलं, "बोला काका, कसा आहे आवाज?"

"जुने परत बसव," काका म्हणाले.

"काय?"

"मी चुकलो, आचू. तिला त्रास नव्हता होत. ती बोलत होती त्याच्याशी. तो खरखरला की ती त्याला मारायची, मारलं की तिला ते औषधाचं आठवायचं, आणि ते सांगायला तिला मी लागायचो. आता तो खरखरतच नाही. मग ती कोणाला मारणार आणि मला काय सांगणार?"  मग ते म्हणाले, "एकदाही नाही. इतक्या दिवसांत एकदाही नाही. काल मीच दारावर मारून बघितलं, मीच म्हटलं, खोकतोय बघ. तर घाबरली. म्हणाली, शेठ, मला इथेच उतरवा."

 तो डाग मी घासून काढला होता, साबणाने, आणि वर खूश झाले होते.

"पिशवी आहे ना?" मी विचारलं.

"आहे. स्वयंपाकघरात, दाराशीच ठेवलीय."

"मग काय एवढं रडताय? मी येते. हे काय तासाभराचं काम आहे."

हत्यारांची पेटी स्कूटरवर टाकली आणि शतोउला गेले. टेम्पो गल्लीत घरापुढेच उभा होता. काकू आत टीव्हीपुढे होत्या. काका दिवा धरून उभे राहिले आणि मी काकूंच्या बाजूचं दार उघडून कव्हराचे स्क्रू काढायला लागले. काकांची जीभ सैल सुटली होती. सगळं मिटल्यासारखंच बोलत होते.

"चुंगवेइ रविवारी येतोय," ते म्हणाले. "त्याला गाडीतच बसवतो मागे. स्वतःच्या कानांनी ऐकू दे आईने मला माकड म्हटलेलं."

"मागे कुठे बसवता? मोज्यांच्या पोत्यावर?"

"लहानपणी तिथेच झोपायचा तो."

तेवढ्यात कोपऱ्यावर कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजायला लागलं. रोजचंच ते. गल्लीतली दारं धडाधड उघडली, बायका-माणसं पिशव्या घेऊन बाहेर आली. इथे कचरा रस्त्यावर ठेवायचा नसतो, गाणं ऐकलं की धावत जाऊन गाडीत टाकायचा. मी मान वर केली नाही, एक स्क्रू गंजून बसला होता. काकांनी मात्र दिवा हलवला.

"आचू, बघ. बघ तरी."

काकू घरातून बाहेर आल्या होत्या. पायात चपला नीट घातलेल्या, हाताला पिशवी. शेजारणींच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या. एक म्हातारी त्यांना काहीतरी म्हणाली, काकू मान डोलवून बोलल्यासुद्धा. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पिशवी वर उचलली आणि बरोबर गाडीच्या तोंडात टाकली.

"सहा महिने झाले, तिला हे गाणं समजतच नव्हतं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मीच टाकायचो. आज आपली आपण आली. चपला घालून आली."

मलाही बरं वाटलं. आजचा दिवस चांगला दिसतोय, असं माझ्या मनात आलं. गाडी गाणं वाजवत पुढच्या गल्लीला वळली, काकू परत आल्या आणि आमच्याजवळून जाताना म्हणाल्या, "झालं सगळं. घर स्वच्छ झालं."

"शाब्बास," काका म्हणाले.

कव्हर निघालं. मी माझा नवा स्पीकर सोडवला, तारा मोकळ्या केल्या आणि हात मागे केला. "द्या पिशवी."

काका आत गेले. मी हात तसाच धरून बसले होते. स्वयंपाकघरातला दिवा लागला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दुसरी. मग काहीच आवाज येईना, तेव्हा मला कळलं. कळलं आणि तरी मी थोडा वेळ हात मागे धरूनच होते.

मी स्कूटर काढली. गाडी तीन गल्ल्या पलीकडे सापडली. मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, लाल-पांढरी पिशवी, गाठ मारलेली, आत दोन स्पीकर. तो बिचारा भला होता. त्याने गाडी थांबवली, गाणं बंद केलं, आणि मला नुसतं आत दाखवलं. आतलं पातं आख्ख्या गल्ल्यांचा कचरा दाबून आत ओढून मोकळं झालं होतं. "ताई, लोखंड होतं तर मागून भंगाराची गाडी येते, तिच्यात द्यायचं ना," तो म्हणाला. मी त्याच्यावर ओरडले. त्याचा काय दोष होता? तरी ओरडले.

परत आले तेव्हा काका टेम्पोच्या पायरीवर बसले होते.  काकूंनी कपडे बदलून त्या बाह्या चढवल्या होत्या आणि दारात उभ्या होत्या. त्यांच्या फेरीची वेळ झाली होती.

"तिच्यावर रागावू नकोस," काका मला म्हणाले.

"मी कशाला रागावू?"

"तिने बरोबर केलं. मीच दाराशी ठेवली. दाराशी ठेवलेलं टाकायचं असतं."

मी पेटीतून ब्लेड काढलं. नवा स्पीकर मांडीवर घेतला. जुना कुठे फाटला होता ते मला पक्कं आठवत होतं, खालच्या अंगाला, डावीकडे. तिथे कड धरून मी ब्लेड फिरवलं. माझ्या हाताने आजवर इतके स्पीकर गेलेत, पण चांगला स्पीकर मी कधी कापला नव्हता. थोडा कापला, बोटाने कड लोंबती केली, मग आणखी कापला. काका बघत होते. दारात परत बसवला, तारा जोडल्या, कव्हर लावलं. डांबरी पट्ट्याही जमतील तेवढ्या ओरबाडून काढल्या होत्या.

"बसा काकू," मी म्हटलं.

काकू बसल्या. काका चाकामागे बसले. मी खिडकीला धरून उभी राहिले. किल्ली फिरली, काकूंचा हात बटणावर गेला, शिट्टी वाजली आणि आकांग आला. 'माझ्या बंधूंनो', आणि दाराने खर्रर केलं. तसंच केलं. मला तरी तसंच वाटलं.

काकूंचा हात मांडीवरून उचलला गेला.

'छाती भरून आली', आकांग म्हणाला. दार पुन्हा खर्रर बोललं, आणि काकूंनी तळहाताने दारावर फाडकन मारलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते काकूंकडे बघत होते, तोंड थोडं उघडं ठेवून, उत्तर जिभेवर तयार ठेवून. काकूंनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच माया होती. ती मी नाकारत नाही.

"शेठ," त्या म्हणाल्या, "तुमच्या दाराचा कर्णा फाटलाय. चांगली गाडी आहे, दुरुस्त करून घ्या. युआनलिनला स्टेशनमागे एक मुलगी आहे, हाताची फार चांगली आहे. माझा नवरा ओळखतो तिला."

आकांग औषधाचा भाव सांगत राहिला. काकांनी उघडं तोंड मिटलं.

"करून घेतो," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्या पायांकडे बघितलं. "मोजे पार विरलेत तुमचे. दाखवू का एक जोडी?"

"दाखवा," काका म्हणाले.

काकूंनी समोरचा खण उघडून चाचपला, मग मांडीवर बघितलं, सीटखाली हात घालून बघितलं. काहीच नव्हतं. त्यांना फार संकोच वाटला. त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून ठेवायच्या तसा.

"आज माल संपला हो, शेठ. उद्या याल का?"

"येतो," काका म्हणाले. "उद्या येतो."